संगणकाचीं नेहमींचीं दुखणीं व त्यांवरील घरगुती उपाय

नंदुरबार जिल्ह्यांतील बागायतदाराच्या घरीं संगणक असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. देशांतील पहिलें आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादा तालुक्यांतील टेंभली ह्या खेड्यांत दिलें गेलें. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. आणि २०२२ सालीं केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्याचें ठरविलें. पीकविमा, पीककर्ज, ठिबकाचें अनुदान, बाजारभाव, ह्या सर्वांचा मार्ग ह्या यंत्रांतून जाऊं लागला आहे. यंत्र घरांत आलें, परंतु त्याचें दुखणें ओळखण्याची विद्या त्याच्याबरोबर आली नाहीं. बैल चारा खाईनासा झाला तर पोट फुगलें आहे कीं जिभेस कांटा लागला आहे हें आपण आधीं पाहतों, मग गुरांच्या डॉक्टराकडे जातों. संगणक बंद पडला तर मात्र आपण पहिल्यापासूनच हात टेकतों.

धडगांव-मोलगीकडील शेतकरी असें बंद पडलेलें यंत्र गोधडींत गुंडाळून, मोटारसायकलवर बांधून, घाट उतरून शहाद्यास किंवा नंदुरबारास आणतो, सबंध दिवस मोडतो, आणि दुकानांत असें निघतें कीं मागील तार सैल होती. प्रस्तुत लेखक ह्या विद्येचा पंडित नव्हे. पपई, मिरची व कापूस पिकविणारा एक शेतकरी आहे. परंतु गेल्या बारा वर्षांत त्यानें तीन संगणक वापरले, त्यांपैकीं दोन स्वतःच्या अज्ञानानें खराब केले, आणि त्या खर्चांतून जें हातीं लागलें तें बांधवांपुढें ठेवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

विहिरीवरील मोटार सुरू होत नसेल तर ती जळली असें आपण एकदम म्हणत नाहीं. आधीं तिन्ही फेज आहेत कीं नाहींत तें पाहतों, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि शेवटीं मोटार वर काढतों. संगणकाच्या बाबतींतही हाच क्रम धरावा : भिंतीपासून निघावें व यंत्राकडे यावें. संगणकाची तार काढून त्याच जागीं मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला तर वीज आहे. नंतर मधल्या युपीएसचा दिवा पाहावा. नंतर पेटीच्या पाठीमागें, तार जेथें जोडतात तेथें, एक लहान कळ असते व तिच्यावर एक रेघ व एक शून्य काढलेलें असतें. झाडलोट करतांना हात लागून ती शून्याकडे जाते व यंत्र मेल्यासारखें होतें. ती रेघेकडे दाबावी. एवढ्यानें भागलें नाहीं तर तार भिंतींतून काढून चालू करण्याचें बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत साठलेली वीज निघून जाते. मग तार पुन्हां लावून चालू करावें. हा उपाय इतका साधा आहे कीं तो सांगतांना संकोच वाटतो, परंतु माझ्या अनुभवांत त्यानें पुष्कळदां काम भागलें आहे.

पेटींतील पंखा फिरतो, दिवे लागतात, परंतु पडदा काळाच, असें झाल्यास प्रथम पडद्याची तार दोन्ही टोंकांस काढून घट्ट बसवावी. तरीही काळाच राहिला, किंवा पेटींतून थांबून थांबून शिटीसारखा आवाज येऊं लागला, तर दोष बहुधा रॅममध्यें असतो. रॅम म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृति. ती हिरव्या पट्टीच्या रूपानें आंत खोंचलेली असते. पट्टीच्या कडेस सोनेरी दांते असतात, त्यांवर हवेंतील ओलाव्यानें व धुळीनें मळ चढतो. तार भिंतींतून पूर्ण काढून, पेटीच्या उघड्या धातूस एकदां हात लावून अंगांतील वीज उतरवावी, बाजूच्या खिट्ट्या उघडून पट्टी बाहेर काढावी, व शाळकरी मुलाच्या मऊ पांढऱ्या खोडरबरानें ते दांते हलक्या हातानें पुसावे. पट्टी परत बसवितांना ती खांचेंत नीट बसून कट् असा आवाज झाला पाहिजे. जोर करून उलटी बसवूं नये. मधली खांच जुळली कीं ती आपण होऊन बसते.

आतां विजेविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या भागांत संगणकांचें खरें मरण विजेंत आहे. कित्येक घरांत पेटीस हात लावतांच झिणझिण्या येतात, आणि लोक त्या अंगवळणीं पाडून घेतात. त्यांचें कारण असें. पेटींत वीज घेणारा जो भाग असतो, ज्यास एसएमपीएस म्हणतात, त्याच्या तोंडाशीं विजेंतील खळबळ गाळण्यासाठीं लहान कपॅसिटर बसविलेले असतात व ते पेटीच्या धातूस जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारी थोडीशी वीज अर्थिंगच्या तारेनें जमिनींत जावी अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर ती पेटीवरच राहते, आणि २३० व्होल्टांच्या जवळजवळ निम्मा दाब पेटीवर मोजतां येतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळें नुसत्या झिणझिण्या येतात. परंतु पुढें कधीं आंतील एखादी तार उघडी पडून पेटीस टेंकली तर सबंध दाब तेथें येईल, व मग गोष्ट झिणझिण्यांवर भागणार नाहीं. शिवाय अशा पेटीस छपाईयंत्राची तार लावतांना ठिणगी उडून दोहोंचीं तोंडें जळतात. माझा पहिला संगणक असाच गेला. भिंतींतील खोंचणी दोन भोकांची होती म्हणून तीन दांड्यांपैकीं जाड दांडी मींच पकडीनें मोडली होती.

उपाय आपल्या हातचा आहे. घराबाहेर ओलाव्याच्या जागीं अडीच मीटर खोल जस्ती नळी पुरावी, भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर द्यावे, आणि तिची तार घरांतील प्रत्येक तीन भोकांच्या खोंचणीच्या वरच्या भोकापर्यंत जाणत्या वायरमनकडून आणवावी. एप्रिल-मे महिन्यांत आमची काळी जमीन भेगाळते व अर्थिंग निकामी होतें, तेव्हां आठवड्यांतून एकदां तींत घागरभर पाणी ओतावें. वायरमन आला असतां न्यूट्रल व अर्थिंग यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांहून अधिक नसावा.

रात्रीं शेतांतील पंप सुरू झाले कीं गांवांतील दाब पडतो. आमच्याकडे तो १७० पर्यंत उतरलेला मीं स्वतः पाहिला आहे. वीज गेल्यावर परत येतांना तो उसळतो. म्हणून युपीएस ही चैनीची वस्तु नव्हे. मात्र ती पोटांतील बॅटरीवर जगते. लहान युपीएसमध्यें बहुधा १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते, आणि थंड हवेंत धरलेलें तिचें आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या वाढीनें निम्में होतें. आमच्या उन्हाळ्यांत पत्र्याच्या खोलींत ती दोन वर्षें टिकली तरी पुष्कळ झालें. वीज जातांच संगणकही जातो अशी तक्रार असेल तर नवी युपीएस घेऊं नये, बॅटरी तेवढी बदलावी. लेसर जातीचें छपाईयंत्र युपीएसवर कधींही लावूं नये. कागदावर शाई भाजण्यासाठीं त्यांत तापणारा रूळ असतो व तो एकदम मोठा प्रवाह ओढतो. आणि वळवाच्या पावसांत गडगडाट ऐकूं येतांच तार भिंतींतून काढून ठेवावी, त्याबरोबर इंटरनेटचीही तांब्याची तार काढावी. विजेचा लोळ युपीएसनें अडत नाहीं.

दुसरा शत्रु धूळ. हा अन्यत्रही आहे, परंतु नंदुरबारांत तो तिखट आहे. हंगामांत पथारींवर मिरची पसरली कीं तिची भुकटी वाऱ्याबरोबर घरांत येते, आणि कापूस वेंचणीच्या दिवसांत तंतु उडतात ते वेगळे. संगणकाचा पंखा ही हवा आंत ओढतो. मुख्य चकतीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, डोक्यावर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो व उष्णता त्यांतून बाहेर पडते. तंतु व भुकटी त्या पत्र्यांच्या फटींत बसून तेथें घोंगडीसारखा थर होतो. मग प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठीं आधीं मंद चालतो, आणि उष्णता सुमारें १०० अंशांपर्यंत चढली कीं एकाएकीं बंद होतो. खूण अशी कीं यंत्र दहा-पंधरा मिनिटें ठीक चालतें, मग न सांगतां बंद पडतें, आणि निवलें कीं पुन्हां चालू होतें. ह्या दुखण्यावर अनेकांनीं नवे संगणक घेतले आहेत.

साफ करण्याची रीत अशी. तार काढावी, पेटी अंगणांत न्यावी, बाजूचा पत्रा उघडावा, आणि मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ सैल करून हातपंपानें फुंकावी. नाकास फडकें बांधावयास विसरूं नये. मी एकदां विसरलों, आणि घरच्यांनीं सबंध दिवस मला मिरची कांडणारा म्हणून हिणविलें. फुंकतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहींतर तो अतिवेगानें फिरून त्याचें बेअरिंग जातें. पंक्चरच्या दुकानांतील कॉम्प्रेसरची हवा वापरूं नये. तिच्यांत पाण्याचे थेंब येतात. ओलें फडकें तर मुळींच लावूं नये. साफ करूनही यंत्र तापत असेल तर प्रोसेसर व ठोकळा यांमधील पांढरा किंवा करडा लेप वाळला असें समजावें. तो लेप बदलणें मात्र कारागिराचें काम. वर्षांतून दोनदां, म्हणजे मिरचीच्या हंगामानंतर व पावसाळा संपल्यावर, ही सफाई केली असतां पुरते. पेटी जमिनीवर न ठेवतां हातभर उंच ठेवावी, चालू असतांना तिच्यावर भरतकामाचें आच्छादन घालूं नये, आणि पाण्याच्या कूलरचा झोत तिच्यावर येणार नाहीं असें पाहावें. मागील उघड्या भोकांस पत्रा लावून घ्यावा. पाल आंत शिरून विजेच्या भागावर मरते व स्वतःबरोबर यंत्रही नेते.

एक दुखणें असें आहे कीं तें ओळखूं न आल्यामुळें माणसें विनाकारण हैराण होतात. खरिपाच्या विम्याची मुदत बहुतेक वर्षीं जुलैअखेर असते. अशाच एका मुदतीच्या आदल्या दिवशीं माझ्या संगणकावर सरकारी स्थळ उघडेना. जोडणी सुरक्षित नाहीं असा इशारा पुनः पुन्हां येई. इंटरनेट देणाऱ्याशीं भांडलों, पुतण्यास दोष दिला, अर्धा दिवस गेला. सायंकाळीं नातीनें पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलें, "आजोबा, इथें २०१५ कां लिहिलं आहे?" तेथेंच सर्व रोग होता. प्रत्येक सरकारी स्थळास अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असा दाखला असतो. संगणकाची तारीख मागें गेली कीं त्यास तो दाखला अजून जन्मलेलाच नाहीं असें वाटतें व तो दार लावून घेतो. तारीख मागें जाण्याचें कारण असें कीं वीज नसतांना घड्याळ चालविणारा नाण्याएवढा एक सेल आंत असतो व तो चार-पांच वर्षांत संपतो. त्यावर सीआर २०३२ असे आंकडे असतात. २० मिलिमीटर रुंद व ३.२ मिलिमीटर जाड असा त्यांचा अर्थ. घड्याळाच्या दुकानांत तो थोड्या पैशांत मिळतो. तोंवर दररोज हातानें तारीख नीट केली तरी काम चालतें.

यंत्र फार मंद झालें ही सर्वांत सामान्य तक्रार. येथें एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोज संगणक आपण बंद करतों तेव्हां तो पूर्ण झोंपत नाहीं. उद्यां लवकर उठतां यावें म्हणून आपल्या कारभाराचा कांहीं भाग जसाच्या तसा चकतीवर मांडून ठेवतो, व त्याबरोबर कालचा घोटाळाही मांडून ठेवतो. म्हणून मंद झालेला संगणक बंद-चालू न करतां रीस्टार्ट ह्या नांवाची कळ दाबावी. त्यांत तो खरोखर नव्यानें सुरू होतो. नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्यास कोणतें काम किती शक्ति खात आहे त्याचा तक्ता दिसतो, आणि त्यांतच चालू होतांना आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. अनोळखी असेल त्यास हात लावूं नये, परंतु खेळ, दुकानदारीचे कार्यक्रम वगैरे यादींतून बंद करावे. मुख्य चकतीवर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. एवढें करूनही यंत्र जुनें असल्यास फिरत्या हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी बसवून घ्यावी. जुन्या यंत्रावर ह्याएवढा लाभाचा दुसरा खर्च नाहीं. विंडोज १० ची सर्वसाधारण देखरेख १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे, तेव्हां बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात त्यावर पुढील आवृत्ति चालते कीं काय ह्याची चौकशी करावी.

संस्थेचें परिपत्रक उघडल्यावर मराठीऐवजीं इंग्रजी अक्षरांची भुसकट दिसते, ह्याला विषाणु समजूं नये. श्रीलिपि, कृतिदेव वगैरे जुन्या अक्षरसंचांत इंग्रजी अक्षरांच्या जागींच मराठी वळणें बसविलेलीं होतीं. तो संच ज्या यंत्रावर नाहीं त्यावर खालचें इंग्रजी उघडें पडतें. पाठविणाऱ्याकडून युनिकोडमधील प्रत मागावी. युनिकोडांत प्रत्येक मराठी अक्षरास स्वतःचा आंकडा आहे. लिहिण्यासाठीं इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्यें आधींच असतो, विकत घ्यावा लागत नाहीं.

तसेंच, पडद्यावर एकाएकीं भोंगा वाजून "आपल्या यंत्रांत विषाणु शिरला आहे, ह्या क्रमांकावर फोन करा" असें दिसलें तर फोन करूं नये. तो चोराचा क्रमांक असतो. बटण दाबून धरून यंत्र बंद करावें. फोनवरील कोणाच्याही सांगण्यावरून दुरून यंत्र चालविण्याचा कार्यक्रम बसवूं नये.

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. वरील सर्व बिघाडांत यंत्र दुरुस्त होतें किंवा पैसे देऊन नवें मिळतें. आंत लिहिलेलें मात्र मिळत नाहीं. काही वर्षांपूर्वीं बाहेरच्या दुकानांतून छपाई करून आणलेल्या पेन ड्राइव्हबरोबर माझ्या यंत्रांत एक विषाणु आला. सर्व कप्पे नाहींसे झाले व त्यांच्या जागीं बाण असलेलीं चित्रें दिसूं लागलीं. दुरुस्तीवाल्यानें विचारलें, "फॉरमॅट मारूं का?" ह्या शब्दाचा अर्थ न विचारतां मीं हो म्हटलें. मागाहून समजलें कीं त्या जातीचा विषाणु कागद नष्ट करीत नाहीं, लपवितो; जाणता मनुष्य ते परत दाखवूं शकतो. परंतु फॉरमॅट मारणें म्हणजे पाटी पुसणें, आणि त्यावर विंडोज नव्यानें लिहिलें म्हणजे खालचें बहुतेक गेलेंच. माझ्या पपईच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या नोंदी गेल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे सालदाराच्या उचलीचा सर्व हिशेब गेला.

तो मनुष्य आमच्याकडे वीस वर्षें होता. अक्षरओळख नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं त्यानें घेतलेली रक्कम, दर महिन्याची कपात, मध्यें आजारपणांत दिलेले पैसे, सर्व त्या यंत्रांत होतें, आणि कागदी वही मींच मोठ्या हौसेनें बंद केली होती. माझ्या आठवणीप्रमाणें त्याच्याकडे अजून अठरा हजार निघत होते. हें मीं त्यास सांगितलें तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं; मला खळ्यांतील खोलींत घेऊन गेला. दाराआड भिंतीवर कोळशानें रेघा काढलेल्या होत्या, कपातीच्या प्रत्येक महिन्यास एक, आजारपणाच्या पैशांस आडव्या. मोजल्या तेव्हां सात हजार निघाले. बँकेच्या पासबुकांतील रक्कम काढल्याच्या तारखा मीं त्यांशीं ताडून पाहिल्या. रेघा बरोबर होत्या. अकरा हजारांचा भार मी त्याच्या डोक्यावर नुसत्या आठवणीनें टाकणार होतों.

म्हणून माझी विनंति अशी कीं कोणीही कारागीर आला तरी प्रथम त्यास विचारावें, आंतील कागदांची प्रत काढली आहे का? नसेल तर फॉरमॅट ह्या शब्दास होकार देऊं नये. हार्ड डिस्कमधून कट् कट् असा आवाज येऊं लागला तर तत्क्षणीं यंत्र बंद करावें, पुन्हां पुन्हां चालू करून पाहूं नये, व ती चकती प्रत काढण्यासाठींच कारागिराकडे न्यावी. एरवीं दर आठवड्यास हिशेबाचे कप्पे बाहेरच्या चकतीवर उतरवावे, आणि काम होतांच ती चकती यंत्रापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर जो विषाणु यंत्रांत येतो तो तिच्यांतही जातो. उतरविल्यावर एखादा कागद त्या प्रतींतून उघडून पाहावा. सालदारांचा व उधारीचा हिशेब महिन्याच्या शेवटीं छापून त्यावर दोघांचीं निशाणीं घ्यावीं व एक कागद त्यांना द्यावा. माझ्याकडे आतां दोन चकत्या आहेत. एक घरीं लोखंडी कपाटांत असते, दुसरी शहाद्यास धाकट्या भावाकडे. महिन्यांतून एकदां बाजारास जातांना त्या बदलतों.